वैशूताईच्या दाराआड मी होते

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. सहा वर्षं झाली, पोटात ठेवलंय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगता येतंय, ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ वळली नसती. मी नववीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही, जसं बोलते तसंच लिहून राहिले. कुठं मागंपुढं झालं तर समजून घ्या. नाही — समजून नका घेऊ. नुसतं ऐका.

पहिले वैशूताईचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय माझं सांगून काही उपयोग नाही.

मी भडगावकडची, गिरणेकाठची. लग्न होऊन सावद्याला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नवरा केळीच्या गाडीवर — इथून माल भरायचा, दिल्लीकडं न्यायचा, चार-चार पाच-पाच दिवस घरी नाही. इथली बोली वेगळी, आमची वेगळी. मी 'आहे'ला 'शे' म्हटलं की नळावरच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. "ए शेवाली, तुझी कळशी भरली बघ!" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं आता, पण तेव्हा मी घरात येऊन भांड्यांशी रडायचे. वैशूताई तेवढी हसली नाही. ती सोनगीरकडची, धुळ्याची, तिच्या माहेरी पण आमच्यासारखंच बोलतात. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाली, "जेवनी का व?" एवढंच. सासरी येऊन चार महिने झाले होते आणि मला माझ्या भाषेत कोणी जेवलीस का विचारलं नव्हतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, नाक ओढत होते फक्त.

तिचा नवरा सुरतला, साड्यांच्या कारखान्यात. दिवाळीला यायचा आणि आखाजीला, अक्षयतृतीयेला यायचा. ताई एकटी, एक पोरगा — ओम — आणि केळीचे वेफर्स. कढईवर किसणी आडवी धरायची आणि कच्चं केळं सरळ उकळत्या तेलात पाडायचं, चकत्या एकीला एक चिकटल्या नाही पाहिजेत. मला शिकवलं तिनं. माझ्या बोटांना चटके बसायचे, केळीच्या चिकानं हात काळे पडायचे, आणि ती म्हणायची, "ज्योती, काळा हात म्हणजे कमावता हात." तिच्याकडे पाहिलं की मला वाटायचं, बाई असावी तर अशी. भांडायची वेळ आली तर भांडायची, पण दुसऱ्या दिवशी त्याच बाईला हळद-कुंकवाला पहिलं बोलावणार. गाडी चालवायची, बँकेत जायची, सरपंचाला तोंडावर बोलायची. मी तिच्या मागे मागे, पोरीसारखी.

ओमला दम्याचा त्रास. म्हणून तिच्याकडे ते वाफेचं मशीन होतं, डब्याएवढं, घर्रर्र आवाज करायचं. आमच्या गल्लीत तेव्हा एकच मशीन. थंडी पडली की ज्याच्या पोराची छाती भरली तो ताईच्या ओट्यावर. मास्क ज्याचा त्याचा, डॉक्टरनं दिलेलं औषध ज्याचं त्याचं, मशीन तेवढं ताईचं. कोणी पहाटे आलं तरी ती केस बांधत बांधत दार उघडायची. कधी कपाळाला आठी नाही.

सगळ्यात जास्त यायची ती समोरून तिसऱ्या घरातली जुबेदा खाला. साड्यांना फॉल-पिको करते. तिचा मुलगा बावर्ची, लग्नाच्या पंगती घेतो, लग्नसराईत घरी नसतोच. त्याची पोरगी आयेशा, तेव्हा तीन वर्षांची असेल. फार दम लागायचा तिला. खाला तिला कडेवर घेऊन यायची आणि दारातूनच, "वैशाली बेटा, तेरी मशीन की फिर याद आई!" ताई म्हणायची, "मशीनचीच येते, माझी कधी येते?" आणि दोघी हसायच्या, आणि पोरगी मास्क लावून डोळे मोठे मोठे करून बघायची.

आता ती रात्र.

जानेवारी होता. माझी खुशी सात महिन्यांची. नवरा गाडीवर गेलेला. दिवेलागणीला ताई धावत माझ्या खोलीवर आली — तिची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, धुळ्याला दवाखान्यात नेलीय, भाऊ पिकअप घेऊन आलाय, निघायचंय. म्हणाली, माझ्या घरी झोपशील का आजची रात? मागच्या गल्लीत त्या महिन्यात दोन बंद घरं फुटली होती, तर गल्लीत कोणाला सांगायचं नाही की घर रिकामं आहे. ओट्यावरचा दिवा चालू ठेव, पुढच्या खोलीत पंखा नको पण लाईट असू दे, लोकांना वाटलं पाहिजे मी घरातच आहे.

मी हो म्हटलं. तिनं मला काही मागितलं होतं! ती सगळ्यांना देणारी, आणि तिनं माझ्याकडं मागितलं. माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं.

मागच्या दारानं मला आत घेतलं. वेफर्सचे डबे कुठे, गॅसचं बटण कुठे, सगळं दाखवलं. आणि जाता जाता म्हणाली, "कोणालाच दार उघडू नको. पण मशीनला कोणी आलं तर दे बरं. फ्रिजवर पिशवीत आहे." मी विचारलं, ओमला लागलं तर? ती म्हणाली, "त्याचा पंप घेतलाय मी. या थंडीत गल्लीतल्या कोणाला लागलं तर?"

म्हणजे बघा. आई दवाखान्यात, पोरगा दम्याचा, आणि ही बाई मशीन मागे ठेवून गेली. गल्लीसाठी. माझ्या भरवशावर.

ताई गेली आणि मग मला भीती वाटायला लागली. तिचं घर गल्लीच्या टोकाला, मागच्या भिंतीला लागूनच केळीचा बाग. दिवसा छान वाटतं. रात्री ती वाळलेली पानं खोडावर घासतात ना — अगदी कोणी पाय घासत चाललंय असा आवाज येतो. चालतंय, थांबतंय, पुन्हा चालतंय. आणि त्या दिवशी थंडी इतकी की बागवाल्यांनी बांधावर ओला पाला पेटवून धूर केलेला. केळी करपू नये म्हणून करतात. तो धूर वर जात नाही, जमिनीला धरून सरकतो. दाराच्या फटीतून आत यायला लागला. दिव्याखाली पांढरं पांढरं काहीतरी हलतंय. खुशीला छातीशी घट्ट धरून मी पलंगावर बसले, पाय खाली सोडायची हिंमत नाही. मला वाटत होतं, मागच्या गल्लीत आलेले चोर आता इथं आले, त्यांना कळलंय की ताई नाही. एकदा वाटलं मागचं दार लावलंच नाही. उठून बघितलं, लावलेलं होतं. पुन्हा बसले. पुन्हा वाटलं नाही लावलं.

माझी आई लहानपणी एक सांगायची. तुमच्याकडेही सांगत असतील. "रातले कोनी हाक मारी ते ओ देऊ नको व माय. तीन हाका व्हवू दे. वाईट-वंगाळ जे ऱ्हास ते दोनच हाका मारस. तिसरी हाक माणूसनीच." म्हणजे भूतखेत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा माणूसच. आमच्या गावात म्हातारी माणसंही हे पाळतात. सख्खा भाऊ रात्री बाहेर उभा राहिला तरी तिसऱ्या हाकेपर्यंत कडी काढत नाहीत. आणि येणाऱ्यालाही माहीत असतं, तो तीनदा मारतोच.

तर, किती वाजले होते माहीत नाही. हाक आली.

"वैशाली!"

पुढच्या दारातून. धुरानं बसलेला, खरखरीत आवाज. बाई की माणूस ते कळेना. मी हलले नाही. मग थोड्या वेळानं पुन्हा, "वैशाली!" — दाराला हात लावलेला, कडी वाजली. मी मनात म्हणत होते, माझं नाव नाही, माझं नाव नाही. मी मोजत होते. दोन झाल्या. तिसरी आली की उघडीन.

तिसरी आली नाही.

सकाळी मी घर झाडलं, भांडी घासली, खुशीला पाजलं. दुपारनंतर ताई आली. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, डोळे सुजलेले हिचे. मला विचारलं, काही त्रास नाही ना झाला? मी म्हटलं, नाही ताई. कोणी आलं होतं? नाही ताई.

आयेशाला रात्रीच जळगावला नेलं होतं, ते मला तेव्हा माहीत होतं. नळावर सकाळीच कळलं होतं. खाला आणि तिची सून त्या धुरातून पायी पोरीला घेऊन हायवेपर्यंत गेल्या, एका केळीच्या ट्रकवाल्यानं बसवून नेलं. पोरगी निळी पडली होती म्हणे. ऑक्सिजन लावला. मी ताईला हे पण सांगितलं नाही. ताई आली तेव्हा फक्त माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुझी झोप नाही झालेली, जा झोप."

पोरगी वाचली. हे पहिलेच सांगायला पाहिजे होतं, नाही का? वाचली. आता चौथीत आहे. पण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी खाला परत आली कपडे न्यायला. ताईच्या घरी न जाता गल्लीच्या मधोमध उभी राहिली. ताई ओट्यावर केळी सोलत होती, मी तिच्या शेजारी, खुशी मांडीवर. खाला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "वैशाली, दिवा चालू होता तुझा. अंदर लाईट होती. मैं खडी थी. तू जागी होती. तू खोला क्यूँ नहीं बेटा?"

सगळ्या बाया दारात आल्या.

ताईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं — सुरी होती परातीत, केळीची सालं होती, मी सालं बघत राहिले. एक वाक्य होतं. 'खाला, ताई घरी नव्हती, मी होते.' एवढंच. तोंडात आलं होतं. खरंच सांगते, दातापर्यंत आलं होतं.

ताई उठली. चिकाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "खाला, चुकलं माझं. अंग दुखत होतं म्हणून गोळी घेतली होती, मेल्यासारखी झोपले. मला ऐकूच नाही आलं." आणि सगळ्यांसमोर खालाच्या पायाला हात लावायला वाकली. खालानं पाय मागे घेतले.

मी तिथंच बसले होते. हे तुम्हाला दिसतंय ना? मी तिथंच बसले होते, माझी पोरगी मांडीवर.

मग गल्लीत बोलणं झालं. कोणी म्हणालं, त्यांच्यातली होती म्हणून नाही उघडलं. नलूकाकू तर ओट्यावर येऊन ताईला शाबासकी द्यायला लागली. "बरं केलं तू. लईच डोक्यावर बसल्या होत्या त्या." ताई ताडकन म्हणाली, "काकू, तुमच्या नातवाला खोकला होईल ना तेव्हा पण मी असंच बरं करीन, चालेल?" काकू तोंड वाकडं करून गेली ती महिनाभर आली नाही. म्हणजे ताईचं दोन्हीकडून गेलं. खालाकडून गेलं आणि काकूकडून पण गेलं.

त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात मला बसवलं. रागावली नाही. चहा टाकला. म्हणाली, "आता मला सांग, काय झालं होतं?" आणि मी रडत रडत तुम्हाला जे सांगितलं तेच सांगितलं. हाका दोनच आल्या ताई. मी तिसरीची वाट बघत होते. आईनं सांगितलेलं. तिसरी नाही आली. आली असती तर मी —

ताईनं माझं डोकं पोटाशी धरलं. तिला पटलं. का नाही पटणार? ती पण तिकडचीच, तिच्या घरी पण तीन हाका पाळतात. इथल्या माणसाला सांगितलं असतं तर हसलं असतं. ती म्हणाली, "खालाला हे कुठं माहीत आपलं? तिनं दोन मारल्या आणि गेली बिचारी. तुझी चूक नाही." मी म्हटलं, मग तू सांग ना खालाला, मी होते म्हणून. हो, असं म्हटलं मी, कारण मला माहीत होतं ती काय म्हणणार. ती म्हणाली, "तू आत्ता कुठं इथं रुजून राहिली. पोरगी लहान, नवरा बाहेर. तुला गल्लीनं टाकलं तर तू कुठं जाशील? मी जुनी आहे. मी सोसते."

तिनं मग पलंग पुढच्या खोलीत आणला, दाराला लावून. अजून तिथंच झोपते. थंडीत फटीतून वारं येतं, तिचा खांदा धरतो, तरी तिथंच. मोठ्या आवाजाची बेल बसवून घेतली. आणि खाला बोलत नव्हती तरी रोज संध्याकाळी मशीन पिशवीत घालून खालाच्या सुनेच्या हातात देऊन यायची, सकाळी आणायची. दोन हिवाळे केलं तिनं हे. खाला दारात असली तर मान खाली घालून द्यायची, जशी काय खरंच झोपली होती.

आता खरं सांगते.

तुम्हाला पण दोनच हाका सांगून मी थांबणार होते. वर लिहिलंय बघा, 'तिसरी आली नाही.' हात सहज लिहून गेला, इतकी वर्षं मी स्वतःला पण तेच सांगत आले. तिसरी आली होती.

पहिल्या हाकेला मी खरंच घाबरले, ते खोटं नाही. दुसऱ्या हाकेला मी आवाज ओळखला. बसलेला होता तरी ओळखला, रोजचा आवाज तो. आणि मग तिसरी आली, मोठी, अगदी दाराला तोंड लावून — "वैशाली बेटा, मशीन दे! आयेशा को साँस नहीं आ रही, बेटा, मशीन!" माणसाची हाक. तिसरी. आईनं सांगितलेली. मशीन फ्रिजवर होतं, मला पलंगावरून पिशवीचा बंद दिसत होता.

मी का नाही उठले? ते मला सांगता येईल असं वाटलं होतं लिहायला बसले तेव्हा. भीती म्हणू? भीती तर गेली होती, खाला होती ती, तिच्या हातचा शिरा खाल्लेला मी. मला वाटलं, आता उघडलं तर ती म्हणेल, दोन हाका झाल्या, तू आत काय करत होती? मला लाज वाटली. उशीर केला त्याची लाज. आणि त्या लाजेपायी मी अजून उशीर केला. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं.

त्या आवाजानं खुशी जागी झाली. रडायला तोंड उघडलं तिनं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. दाबून. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर एका पोरीला श्वास येत नव्हता आणि आत मी माझ्याच पोरीचं तोंड दाबून बसले होते. खाला गेल्याचा आवाज आला, चप्पल नव्हती पायात, पावलं धप धप वाजत गेली, तेव्हा हात काढला. खुशी रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

ताईनं जे अंगावर घेतलं ते एका भाबड्या पोरीची चूक म्हणून घेतलं. दोन हाकांची. तिला वाटतं ती ज्योतीला वाचवून राहिली. तिनं कोणाला वाचवलं ते तिला माहीत नाही. ती मला अजून माझ्या माहेरची म्हणते.

खाला आता ताईशी बोलते, पण तिच्या घरचं पाणी पीत नाही. गेल्या ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्याकडे आली. माझी खुशी आणि आयेशा दारात लगोऱ्या खेळत होत्या. खाला त्यांच्याकडे बघत बसली, मग माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "वैशाली दिल की बुरी नहीं है. लेकिन ज्योती, उस रात उस घर में तू होती ना, तू दरवाजा खोल देती."

मी म्हटलं, "हो खाला."

आणि डबा घेतला.